दुसरी पट्टी

"कुत्र्याचं वजन दीड किलोनं वाढलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "महिनाभर माझ्या डोक्याला भुंगा लागला होता, याला खायला घालतंय तरी कोण."

मी हँगरच्या मागच्या बाजूला उकिडवी बसले होते. एका हातात आईनं भरून दिलेला डबा, दुसऱ्या हातात सोललेलं अंडं, आणि अंड्याच्या पलीकडे पाहुण्याचं उघडं तोंड. पाहुणा म्हणजे आमच्या मैदानावरचा कुत्रा. एक दिवस आला आणि राहिला, म्हणून पाहुणा. मी वळून पाहिलं. निळ्या डांगरीतला, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला एक तरुण उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, डब्याकडे बघत होता.

"तुम्ही कुत्र्याचं वजन करता?" मी विचारलं. पकडलं गेल्यावर उलट प्रश्न विचारायचा, हे मी दादाकडून शिकले होते.

"मी करत नाही, तोच रोज काट्यावर येऊन बसतो. रांगेत सगळ्यांच्या पुढे." मग त्यानं हळूच भर घातली, "तुमचं तीन किलोनं कमी झालंय. दोन्ही आकडे एकाच वहीत आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लावायला मला आजचा दिवस उजाडावा लागला."

अंडं तोवर पाहुण्यानं उचललं होतं. पुरावाच नष्ट झाला म्हणा.

हा नवा मेकॅनिक. ग्लायडर उडवायला शिकवणाऱ्या आमच्या शाळेत येऊन त्याला महिना झाला होता आणि सगळे त्याला काटेकोर म्हणायचे. रोज सकाळी उडायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याचं वजन करून वहीत मांडणं हे त्याचं काम. म्हणजे रोज सकाळी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहत होते. पण काट्यावर उभी असताना मी आकड्याकडे बघायचे. त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. भुवईवर एक छोटा व्रण होता, आणि खिशातून बिस्किटांचा पुडा डोकावत होता.

"बाईंना सांगणार?"

"कशाबद्दल? कुत्रा लठ्ठ झाला म्हणून?" तो म्हणाला, आणि पुड्यातलं एक बिस्किट काढून त्यानं माझ्यापुढे धरलं. "हे घ्या. अर्धं खा. अर्धं. पाहुण्याला द्यायचं नाही."

मी खाल्लं नाही... खिशात ठेवलं. ते त्यालाही दिसलं.

वजनाचं एवढं अवडंबर कशाला, ते सांगते. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच नावाचं यंत्र असतं. ते लांबलचक दोर भराभर गुंडाळतं आणि ग्लायडरला पतंगासारखं वर ओढतं. वर गेलं की दोर सोडायचा आणि वाऱ्यावर तरंगायचं. पुढच्या सीटवर बसणारा पंचावन्न किलोंपेक्षा हलका असेल तर शेपूट जड होते, नाक वर उचलतं, आणि दोराच्या ओढीत नाक भलतंच उचललं गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून हलक्या माणसाच्या पायाशी शिशाची पट्टी बसवतात. अडीच किलोची एक. कमी पडली तर दुसरी.

त्याच्या जोडीला आमच्या मुख्य शिक्षिकेचा, म्हणजे बाईंचा, आणखी एक नियम होता. प्रवेशाच्या वेळेपेक्षा वजन पाच किलोंहून जास्त उतरलं, तर डॉक्टरांची सही आणेपर्यंत उडणं बंद. मी अठ्ठावन्न किलोंची आले होते. म्हणजे त्रेपन्न ही माझी लक्ष्मणरेषा.

आणि मी घसरत चालले होते. एकटीनं उडण्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा उतरताना, जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटली आणि हात लाकडासारखे झाले. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर शाळा ठेवत नाही. घरी दादाशी माझा करार झाला होता, तिसरी परीक्षाही गेली तर त्याच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. दादा वाईट नाही. तो फक्त म्हणायचा, "लोकांना नीट दिसायला मदत करणं हेही चांगलंच काम आहे," आणि माझ्या पोटात गोळा यायचा. त्या गोळ्यानंतर जेवणाला जागाच उरायची नाही. आई ताटावर बसवायची, मी घास तोंडात फिरवत बसायचे, तो काही खाली उतरायचा नाही. मग मी डबा मागून न्यायला लागले. डब्याचं काय होतं ते आईला दिसत नसे.

परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

काटेकोर मात्र मागे लागला. उघडपणे नाही. मी पंख पुसत असले की तो शेजारी येऊन काहीतरी आवळत बसायचा, आणि मध्येच एक केळं पंखावर ठेवून निघून जायचा. कधी शेंगदाण्यांची पुडी माझ्या हेल्मेटमध्ये सापडायची. मी म्हटलं, "तुम्ही मेकॅनिक आहात की माझी आजी?"

"आजी बरी. तिचं तुम्ही ऐकलं असतं."

"आणि तुम्ही स्वतः? दिवसभर तोंड चालू असतं तुमचं."

तो जरा ओशाळला. मग डांगरीच्या कमरेचं बटण दाखवलं. ते तुटायच्या बेतात होतं. "टेन्शन आलं की मला खावंसंच वाटतं. गोड. काहीही गोड. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत आई साखरेचा डबा कुलपात ठेवायची."

"आता कसलं टेन्शन?"

तो पान्यानं एक नट आवळत राहिला, जो आधीच पुरता आवळलेला होता. "आहे एक. पंचावन्न किलोंच्या खाली चाललेलं."

माझे कान गरम झाले. मी पंखावरचा न दिसणारा डाग पुसायला घेतला.

"एक पैज," तो म्हणाला. "ज्या दिवशी तुम्ही आपणहून म्हणाल की मला भूक लागलीय, त्या दिवशी मी तुम्हाला एक गोष्ट सांगेन."

"आत्ता सांगा."

"आत्ता तुम्हाला भूक नाहीये."

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना काटा साडेत्रेपन्नवर आला. वहीत आकडा लिहिताना काटेकोरचा पेन क्षणभर थांबला. पायाशी एक पट्टी आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी घरच्या काट्यावर पाय ठेवला, तर बावन्न.

आता पुढचं जे आहे ते सांगताना मला आजही माझी लाज वाटते. मी लवकर मैदानावर गेले, काटेकोरच्या हत्यारांच्या पेटीतून दोन जाडजूड पाने उचलले आणि माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशांत घातले. एक डावीकडे, एक उजवीकडे, चालताना झोल येऊ नये म्हणून. काट्यावर चढले. काटा साडेत्रेपन्न.

"जाकीट?" त्यानं विचारलं.

"थंडी आहे."

थंडी होती, यात खोटं काही नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं... नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला वाटलं, हा माझ्या डोळ्यांत बघतोय, आणि त्या भलत्या वेळी छातीत काहीतरी लकाकलं. त्यानं आकडा लिहिला. उडायच्या आधी बाई सगळ्यांचे खिसे तपासायच्या, कारण कॉकपिटमध्ये सुटी वस्तू चालत नाही. म्हणून त्याच्या आत मी पाने गुपचूप पेटीत परत ठेवले. दोन किलोंनी असं काय आभाळ कोसळणार, असं मनाला समजावलं. मागच्या सीटवर बाई होत्याच की.

हे रोज चाललं. मैदानावरचा काटा खाली यायला लागला की मी आणखी एक पाना वाढवायचे. ग्लायडर छान वागत होतं. नाक उचलत नव्हतं. मी टाचा पट्टीवर टेकवून बसायचे, डावी आणि उजवी, दोन्ही कडक शिशावर, आणि म्हणायचे, बघ, काही होत नाही. माझं उतरणंही सुधारलं होतं. बाई माझ्याशी एका वाक्यात बोलायच्या, त्या परवा दोन वाक्यांत बोलल्या.

काटेकोर मात्र दिवसेंदिवस सुजल्यासारखा दिसायला लागला. डोळ्यांखाली काळं, कमरेचं बटण गेलेलं, तिथं सेफ्टी पिन. केळी ठेवणं चालूच होतं, पण थट्टा बंद झाली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं मला हँगरच्या दारात अडवलं.

"आज तरी जेवलात?"

"हो."

"काय?"

मी हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला. तो दाराच्या चौकटीला टेकला. म्हणाला, "उद्या मी स्वतः असणार आहे. पट्टी मीच बसवणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." एवढं बोलून तो पोटावर हात दाबत निघून गेला. मला ते विचित्र वाटलं. पट्टी तो रोजच बसवतो, त्यात सांगण्यासारखं काय?

परीक्षेच्या सकाळी काट्याजवळ तो नव्हता.

वही घेऊन स्टोअरवाल्या मावशी उभ्या होत्या. "त्याच्या पोटात आग पडलीय पहाटेपासून," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात नेलंय. चढ गं काट्यावर. जाकीट राहू दे, किती कुडकुडतेस."

कुडकुडणं थंडीचं नव्हतं. काटा साडेत्रेपन्न. मावशींनी लिहिलं, चष्मा वर सरकवला, वहीतला रकाना बोटानं धरून वाचला आणि पट्टी बसवायला गेल्या. मी पाने परत ठेवले. खिसे रिकामे केले, बाईंना दाखवले. परीक्षक आले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात घड्याळ. मागची सीट रिकामी. मी एकटी आत बसले, पट्टे आवळले, काच बंद केली. बाहेर एकानं पंख उचलून धरला. पलीकडे दोर गवतातून सरकायला लागला, सैल होता तो ताठ होत चालला.

मी टाचा टेकवल्या. डावी टाच शिशावर टेकली, उजवी खाली गेली.

इंचभरच, पण खाली गेली. जिथं रोज कडक लागायचं तिथं फळी होती. मी पाय हलवून चाचपडले. डावीकडे पट्टी, उजवीकडे नाही. पण रोज तर दोन्हीकडे असायची... मला वाटायचं, एकच पट्टी आडवी बसवलीय. खाली वाकून बघतो कोण? आज मावशींनी वहीप्रमाणे एकच बसवली होती. म्हणजे रोज दोन होत्या. वहीत एक, आणि पायाशी दोन.

त्याला माहीत होतं.

पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाने त्याचेच होते, त्यांचं वजन त्याला पाठ असणार. तो काही बोलला नाही. रोज वहीत माझा खोटा आकडा लिहीत राहिला आणि रोज गुपचूप दुसरी पट्टी लावत राहिला, मी वर जाऊन सुखरूप खाली यावं म्हणून. माझ्या त्या सगळ्या छान उड्डाणांखाली त्याची पट्टी होती. आणि ते तो आणि मी सोडून जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. मला तर ते आत्ता कळत होतं.

दोर ताठ झाला. ग्लायडर एक झटका खाऊन दोन पावलं पुढे आलं.

ओढ एकाच मिनिटाची, असं मनात आलं. कदाचित नाक उचलणार नाही. कदाचित मी नाक सांभाळणारी दांडी पुढे दाबून धरीन. दोन-अडीच किलो म्हणजे काय, एक कलिंगड. आत्ता थांबले तर तिसरी परीक्षा संपली, उद्यापासून काउंटर, समोर आरसा, आणि लोक फ्रेमा लावून विचारणार, बरी दिसते का हो. हात पुढे गेला तेव्हा तो दांडीकडे जातोय की दोर सोडायच्या पिवळ्या मुठीकडे, मलाही नक्की माहीत नव्हतं.

तो मुठीकडे गेला. मी ओढली. दोर खट्कन सुटला आणि माझ्यावाचून गवतातून सपसपत निघून गेला.

बाई धावत आल्या. मी काच उघडली. म्हणाले, "माझं वजन खोटं आहे."

"किती आहे?"

"माहीत नाही."

"उतर. जाकीट काढ. काट्यावर चल."

सगळ्यांच्या देखत मी काट्यावर उभी राहिले. पन्नास किलो आठशे ग्रॅम. मावशींनी तोंडावर हात ठेवला. परीक्षकांनी घड्याळ खिशात घातलं. त्याच वेळी मैदानाच्या फाटकातून एक स्कूटर सुसाट आत आली, आडवी पडली, आणि काटेकोर उतरून, खरं म्हणजे पडून, पळत आला. एका दंडावर इंजेक्शनचा कापूस चिकटलेला, डांगरीच्या खाली दवाखान्याच्या सपाता. त्यानं आधी ग्लायडरकडे पाहिलं. ते जमिनीवर होतं. मग त्याला मी दिसले, आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि नुसता श्वास घेत राहिला.

"वही माझी आहे, बाई," दम खात तो म्हणाला. "आकडे माझ्या अक्षरातले आहेत. त्यात एक पट्टी लिहायचो आणि पायाशी दोन बसवायचो. मला माहीत होतं."

बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. एक काडी, एक फुगा. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या पायाशी रोज दोन पट्ट्या होत्या हे तुला माहीत नव्हतं. वहीत रोज एक आहे, एवढंच मावशींना ठाऊक. या दोन गोष्टींच्या मध्ये आज एक मुलगी मेली असती." त्या काटेकोरकडे वळल्या. "उद्यापासून वही माझ्याकडे. तू फक्त नटबोल्ट."

परीक्षक मिशीवरून हात फिरवत उभे होते. "हिला नापास करता येत नाही," ते म्हणाले. "उड्डाण सुरूच झालं नाही. आणि विद्यार्थ्यानं दोर सोडला म्हणून मी आजवर कुणाला नापास केलेलं नाही. डॉक्टरांची सही आली की कळवा. हंगाम संपायला दोन महिने आहेत."

बाकीचे पांगले. मी हँगरमागे गेले, कारण मला तिथंच जायची सवय होती. काटेकोर मागोमाग आला. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि कानाखाली द्यावीशीही वाटत होती. मी दुसऱ्यापासून सुरुवात केली, म्हणजे तोंडानं.

"तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? एक शब्द? मी रोज तुमच्या तोंडावर खोटं बोलत होते आणि तुम्ही लिहून घेत होता?"

"बोललो असतो तर बाईंनी तुला घरी पाठवलं असतं."

'तुला' म्हणाला. ते त्यालाही कळलं असावं, पण परत घेतलं नाही.

"मग?"

"मग सकाळी काट्यावर कोण आलं असतं?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळा दिवस त्या एका मिनिटावर काढायचो मी. मला वाटलं, पट्टी लावली की झालं, तू सुरक्षित, मी गप्प. मग रोज रात्री वाटायचं, उद्या मी नसलो तर... आणि उठून काहीतरी खायचो. ब्रेड, साखर, जे हाताला लागेल ते. आज खरंच नव्हतो." त्यानं दंडावरचा कापूस उपटून काढला. "चूक झाली. फार मोठी. तुला जपतोय असं स्वतःला सांगत होतो आणि आज तुला गमावलंच असतं."

माझा राग एकदम ओसरला. मी भिंतीला टेकून खाली बसले. तोही बसला, मधे पाहुण्यापुरती जागा ठेवून. पाहुणा आला आणि त्या जागेत बसला.

शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं. माझा रक्तदाब घेतला, त्याच्या पोटावर बोटं टिचकावली. म्हणाल्या, "तुमचं दोघांचं दुखणं एकच आहे. भीती वाटली की शरीर म्हणतं, पळा. पळणाऱ्याला जेवण सुचत नाही, पोटाचं काम बंद पडतं. हिचं तसं झालंय. पण भीती आठवडेच्या आठवडे मुरली की काही शरीरं वेगळं म्हणतात, पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे, साठवून ठेवा. मग गोडाची हाव सुटते, झोप उडते, आणि आलेलं सगळं पोटावर जाऊन बसतं. याचं तसं झालंय." त्यांनी कागद पुढे ओढला. "औषध थोडंच देते. वेळेवर थोडं थोडं खा, भूक असो नसो. काट्यावर आठवड्यातून एकदाच. रात्री झोपा. आणि हिनं एकटीनं जेवायचं नाही."

"मी असतो तिथंच," काटेकोर म्हणाला.

"तुम्ही हिच्याइतकंच खायचं. घासाला घास."

तशी आमची जेवणं सुरू झाली. हँगरमागच्या उलट्या पेटीवर, मधे आईचा डबा. आईला मी सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही आणि डबा दुप्पट भरायला लागली. तो एक घास घ्यायचा आणि थांबायचा. मी घेतल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. भुकेनं कासावीस व्हायचा, माझ्या हाताकडे बघत बसायचा. शेवटी त्याची दया येऊन मी खायचे. पहिला आठवडा घास फिरायचेच. दुसऱ्या आठवड्यात मी अर्धं अंडं सलग खाल्लं, तर त्यानं असं तोंड केलं, जणू मी समुद्र ओलांडला.

"बघू नकोस ना असं," मी म्हटलं. "खाताना कुणी बघितलं की मला लाज वाटते."

"मग कधी बघू?"

मी त्याच्या हातावर चापट मारली. हात तिथंच राहिला, माझाही आणि त्याचाही. पाहुण्यानं तेवढ्यात ब्रेड पळवला.

बावन्न झाले. मग त्रेपन्न, मग चोपन्न. त्याची सेफ्टी पिन गेली आणि नवं बटण आलं. सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सही केली. पण पोटातला गोळा गेला नव्हता, तो परीक्षेच्या सकाळी पुन्हा आलाच. आईच्या डब्याचं झाकणही मी उघडलं नाही. वजन मात्र खरं होतं. जाकीट काढून, बाईंसमोर, चोपन्न पूर्णांक तीन. वहीत एक पट्टी लिहिली गेली. काटेकोरनं बसवली, बाईंनी वाकून बघितली, मीही वाकून बघितली.

"एक," मी म्हणाले.

"एकच," तो म्हणाला. काच बंद करताना त्याची बोटं काचेवर जरा रेंगाळली. "भूक?"

मी नाही म्हणून मान हलवली. डबा त्याच्या हातात दिला.

दोर ताठ झाला. नाक जिथं असायला हवं होतं तिथंच राहिलं. मग वारा, दोराची ओढ, खाली लहान होत जाणारं हँगर, आणि पिवळी मूठ. दोर सुटल्यावर इतकी शांतता झाली की माझा श्वास मला ऐकू आला. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. भीती होती, होय, पोटात बसलेलीच होती. मी तिला म्हटलं, बस, पण हाताला हात लावू नकोस. उतरताना जमीन नेहमीसारखी धावून आली, आणि हात या वेळी हातच राहिले. चाक टेकलं, एकदा उडी मारली, पुन्हा टेकलं. थांबले.

परीक्षकांनी पांढऱ्या मिशीखालून काहीतरी म्हटलं, बाई दोन नाही, तीन वाक्यं बोलल्या. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कारण पट्टे सोडताना पोटात काहीतरी झालं होतं. गोळा नव्हता. गुरगुरलं. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. मी हेल्मेट काढून गवतातून धावत सुटले, थेट हँगरमागे.

काटेकोर उलट्या पेटीवर बसला होता. डोळे लाल.

"मला भूक लागलीय," मी म्हणाले. "ऐकलंस? आपणहून म्हणतेय. सपाटून भूक लागलीय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या डब्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. डबा रिकामा होता. ब्रेड नाही, बटाटे नाहीत, तळाशी अंड्याचं टरफलसुद्धा नाही.

"तू वर होतीस ना..." तो चाचरत म्हणाला. "सव्वीस मिनिटं..."

मी पेटीवर त्याच्या शेजारी बसले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं सगळे खिसे उलटे केले. शेवटी छातीवरच्या खिशात एक बिस्किट सापडलं, कडेनं मोडलेलं. त्यानं ते मधोमध तोडलं. मग थांबला, आणि दोन्ही अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

"गोष्ट," मी बिस्किट खात म्हणाले. "कबूल केली होतीस."

"ती तुला केव्हाच माहीत आहे."

"असू दे. मला ऐकायचीय."

त्यानं माझ्या हनुवटीवरचा चुरा अंगठ्यानं पुसला. ग्रीसचा काळा डाग उमटला असणार, मला दिसला नाही. "त्या दिवशी अंडं कुत्र्याला घालताना पकडलं ना तुला," तो म्हणाला, "तेव्हापासून माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता चल, कुठंतरी जाऊन नीट जेवू. मलाही परत भूक लागलीय."